मिठाआधी माझं ताट

आधी एक सांगून टाकते. मी मेले नाही. आजारपणात मला पाहायला जी माणसं आली, आणि जाताना दारात थांबून माझ्या सासूला "आता काही खरं नाही न व?" असं हळूच विचारून गेली, त्यांच्यातल्या दोघा-तिघांच्या तेरवीला मी स्वतःच्या पायांनी जाऊन आले. पंगतीत बसून अळणी वरण-भात जेवून आले.

हे कोणाची कीव मिळवायला लिहीत नाही. कीव मला पुष्कळ मिळाली, तिनं पायाची सूज उतरत नाही. ज्या घरात एखाद्या बाईला "काळीज बिघडलंय, मीठ बंद" असं सांगितलं असेल, त्या घरासाठी लिहिते आहे. औषध-गोळ्यांचं डॉक्टर सांगतील. कोणी सांगत नाही ते मी सांगते.

पाय

आम्ही अकोल्याचे. कापसातली सरकी काढायच्या जिनापासून हाकेच्या अंतरावर आमची गल्ली. सिंधूचे बाबा जिनात कापसाची तोलाई करायचे. घरात ते, मी, माझी सासू, धाकटे दीर, त्यांची बायको विमल आणि आमची एकुलती एक सिंधू.

त्या उन्हाळ्यात नळावरून घागर आणताना मला मध्येच बसावं लागायला लागलं. पाय असे सुजले की तोरड्या निघेनात. सासूला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात सुजतेतच पाय. माहे नाही सुजले काय?" मीही तेच म्हणत होते. बाईच्या जातीला स्वतःचे पाय बघायला सवड कुठे असते!

अमरावतीचा माझा भाऊ लग्नाची पत्रिका घेऊन आला आणि मला पाहून पत्रिका द्यायचंच विसरला. मी भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. त्यानं कोणाला विचारलं नाही. मला एस्टीत घातलं आणि अमरावतीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो काढला आणि भावाकडे तोंड करून बोलायला लागले. काळीज वाढलंय, झडप नीट मिटत नाही, लहानपणी सांधे धरले होते का? मी मध्येच बसलेली. मी म्हटलं, "डॉक्टर, काळीज माहं हाये, त्याचं नाही. मले सांगा."

ते जरा दचकले. मग माझ्याकडे वळले.

"सांभाळलं तर जगाल," म्हणाले.

"कोनाले सांभाळू? काळजाले, का घराले?"

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला वॉर्डात पाठवलं.

वॉर्ड

दवाखान्यात रोज सकाळी काट्यावर उभं करायचे. नर्स ओरडायची, "पाणी किती प्यालीस? मोजलं का?" वरण अळणी, भाजी अळणी, तोंडाला चव म्हणून नाही. शेजारच्या खाटेवरची एक म्हातारी रोज म्हणायची, "घरी गेल्यावर मी आधी खारी मिरची खाईन." ती घरी गेली नाही. तिची खाट धुऊन काढली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

भीती वाटायची. खूप वाटायची. पण मरणाची जेवढी वाटायची, तिच्यापेक्षा एका दुसऱ्या गोष्टीची जास्त वाटायला लागली. भाऊ एक दिवस अकोल्याहून आला आणि बोलता बोलता सांगून गेला की सिंधूला शाळेतून काढून चुलीशी बसवलंय. विमलला दिवस गेलेले, आत्याबाईंचे गुडघे धरलेले, मग भाकरी थापणार कोण? सिंधू सहावीत होती. वर्गात पहिला नंबर.

मी सातवी पास आहे. पुढं शिकायचं होतं. माझी आई बाळंत झाली, "महिनाभर घरी राहा" म्हणाले, आणि तो महिना अजून संपलेला नाही. मुलगी एकदा चुलीशी बसली की बसलीच. मग लुगडं, मग लग्न. मला हे सांगायला कोणी ज्योतिषी लागत नव्हता.

त्या दिवशी मी ठरवलं की घरी जायचं, उभं राहायचं आणि पोरीला परत शाळेत घालायचं. मग मरायचं असेल तर बघू.

आहाराच्या बाई

दवाखान्यात एक बाई होत्या, रोग्यांचा आहार ठरवणाऱ्या. मुंबईला शिकून आलेल्या, बोलणं अगदी पुण्याचं. आमचे लोक त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचे. मला घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्या खाटेजवळ बसल्या आणि काय काय खाता ते विचारत गेल्या. मी सांगत गेले. मग त्यांनी विचारलं, "जेवता किती वाजता?"

हा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता.

"सगळ्यांचं झाल्यावर."

"म्हणजे किती वाजता?"

"कधी दोन, कधी तीन. उरते थे खातो आमी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला दर वेळी अमरावतीला येणं झेपणार नाही. दर आठवड्याला मला कार्ड टाका. काय खाल्लं, सूज किती, बसल्या जागी धाप लागते का, सगळं लिहा. मी उत्तर टाकत जाईन. आळस करायचा नाही."

असा माझा इलाज पोस्टानं सुरू झाला.

सगळ्या गल्लीचं कार्ड

कार्ड सिंधू लिहायची. माझा हात थरथरायचा आणि दोन ओळींत दम लागायचा, म्हणून मी सांगायची आणि ती चुलीपुढं बसून, पिठाचे हात पुसून लिहायची. अक्षर मोत्यासारखं. ते पाहून मला आणखीच वाईट वाटायचं.

आता कार्ड म्हणजे उघडं. आमच्या पोस्टमनला गल्लीतली निम्मी कार्डं वाचून दाखवायची सवय, कारण निम्म्या घरांत वाचणारं कोणी नव्हतं. त्यामुळे आमच्या दारात उभं राहून तो खणखणीत आवाजात माझं पथ्य वाचायचा आणि समोरच्या ओट्यावरच्या बायका कान देऊन ऐकायच्या. मी काय खाल्लं आणि मला शौचाला कशी झाली, हे गल्लीत सर्वांना ठाऊक. पहिल्यांदा लाज वाटली. मग म्हटलं, जाऊ दे, लाजेनं झडप मिटत नाही.

पहिल्याच कार्डात बाईंनी लिहिलं होतं: सकाळी दूध आणि एक सफरचंद, दुपारी दोन फुलके. मी सिंधूला म्हटलं, लिही. "बाई, अकोल्यात सफरचंद फक्त आजाऱ्याले पाहायले येनाऱ्याच्या पिशवीत असते, अन् थे बी घरातले पोट्टे खातेत. फुलके आमच्या घरी सनाले होतात. आमी ज्वारीची भाकर खातो. संत्री आमच्या वऱ्हाडातलीच, पन आता बहार नाही. काय करू थे सांगा."

सिंधू म्हणाली, "आई, असंच लिहू?" म्हटलं, "अस्संच लिही."

उत्तर आलं: "माझं चुकलं. भाकरी उत्तम, तिच्यात मीठ नसतं. संत्री येईपर्यंत लिंबू पिळा, अळणी भाजी गळ्याखाली उतरेल."

"माझं चुकलं" हे शब्द पोस्टमननं दोनदा वाचले. शिकलेलं माणूस असं लिहितं हे त्यालाही नवीन होतं. त्या दिवसापासून मला बाई आवडायला लागल्या.

शेंदेलोण

आता आमची फजिती ऐका. अशी फजिती आमच्याच घरात होऊ शकते.

मीठ बंद म्हटल्यावर आत्याबाईंनी मिठाची बरणी फडताळात कुलपात ठेवली. ती माझ्या हाताला लागू देत नव्हत्या. पण मला अळणी गिळताना बघून म्हातारीचा जीव तुटायचा. मग त्यांनी काय केलं, तर माझ्या भाजीत गुपचूप शेंदेलोण घालायला लागल्या. सोबत लिंबाच्या लोणच्याची फोड. मी म्हटलं, "आत्याबाई, आज भाजी बरी लागून राहिली." त्या खूश.

थोड्याच दिवसांत पाय परत टम्म. श्वास परत तोंडानं. मला वाटलं, संपलं. आपलं काळीज काही ऐकत नाही. सिंधूला म्हटलं, जे जे पोटात गेलं ते सगळं लिही, काही सोडू नको. तेव्हा आत्याबाईंनीच मोठ्या विश्वासानं सांगितलं, "शेंदेलोणाचं बी लिही, व. थे काही मीठ नोहे. मीठ असतं तर उपासाले चाललं असतं काय?"

यावर कोण वाद घालणार! मलाही ते पटलं होतं.

बाईंचं कार्ड आलं. पोस्टमननं वाचलं: "शेंदेलोण हे मीठच. लोणचं म्हणजे मीठ, पापड म्हणजे मीठ, ठेचा म्हणजे मीठ. देवाला चालतं म्हणून हृदयाला चालत नाही. आजपासून बंद."

ओट्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आत्याबाई तिथंच मटकन बसल्या. "म्हंजे म्या सुनेले इख घातलं काय?" म्हणून रडायला लागल्या. मला श्वास पुरत नव्हता तरी हसू आलं. म्हटलं, "अवो आत्याबाई, तुमी माया घातली. मायेत मीठ जास्त पडलं." पण त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना मारल्यासारखं लागलं होतं, आणि मला त्यांचं मन समजत होतं.

अकरा वाजता

खरी लढाई पुढंच होती. घरात भांडं एक, चूल एक. माझ्यासाठी वेगळं शिजवायला ना लाकडं, ना हात. बाईंनी त्यावर तोड काढली: "वरण-भाजीत मीठ घालण्याआधी तुमचा वाटा काढा. आणि झाकून ठेवू नका. गरम असतानाच, अकरा वाजता, पुरुषांच्या आधी जेवा. शिळं, उरलेलं, तिसऱ्या प्रहरी, हे तुमच्या हृदयाला चालणार नाही."

"पुरुषांच्या आधी" हे वाचताना पोस्टमनला खोकला आला.

आत्याबाई म्हणाल्या, "मीठ सोड म्हनली, सोडलं. पन बाई मानसानं आधी जेवाचं? कोन्या घरी पाह्यलं व हे? मी उभा जन्म सगळ्याच्या मांगून जेवली. मेली काय?"

सिंधूचे बाबा पानाला चुना लावत बसले होते. लावतच राहिले. त्यांचा स्वभावच तो, हो नाही की नाही नाही. मला त्या गप्प बसण्याचा असा राग आला म्हणून सांगू!

मग मी मधला मार्ग काढला. वाटा वेगळा काढायचा, पण जेवायचं सगळ्यांच्या मागून. गार गोळा व्हायचा त्याचा. तीन वाजेपर्यंत डोळ्यांपुढं अंधारी यायची, मग एकदम खाल्लं की छाती भरून यायची. सूज थोडी उतरली, पण अंगात ताकद येईना. चुलीशी सिंधूच.

अशात तिच्या शाळेच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "गणपतीच्या सुटीनंतर सिंधू आली नाही, तर पटावरून नाव कमी करावं लागेल. आतापर्यंत नाव ठेवलं, माझ्या हातात एवढंच होतं." सिंधू आत भाकर थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. बाई निघून गेल्या तरी तो सुरू झाला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मी पाट मांडला, वरण-भाकर घेतली आणि जेवायला बसले. गरम, लिंबू पिळून. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "काय व, आधीच जेवून राहिली म्हनते तू?"

"हो, जेवून राहिली. येता काय?"

कोणी आलं नाही. पण मी रोज जेवले. टोमणे झाले, अबोला झाला, एकदा ताटच जागेवर नव्हतं, तर मी परातीत घेऊन जेवले. हळूहळू तोरड्या पायात फिरायला लागल्या. बसून दोन भाकरी थापता यायला लागल्या, मग चार. विमलनं भाजी सांभाळली. सिंधूला संध्याकाळी पुस्तक उघडायला वेळ मिळू लागला. आत्याबाई सगळं बघत होत्या.

महालक्ष्म्या

मग गणपतीत आल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी. आमच्याकडे सोळा भाज्या, आंबील, पुरण. बायका पहाटेपासून राबणार, नैवेद्य दाखवणार, पुरुषांच्या पंगती उठवणार आणि दिवे लागले की स्वतः घास खाणार. आत्याबाईंनी आधीच बजावलं, "रोजचं मी ऐकलं. त्या दिशी नाही. घरावर अरिष्ट येईन."

मी बाईंना विचारून ठेवलं होतं. त्यांचं उत्तर सगळ्या गल्लीनं ऐकलं: "तुमच्या देवीचं मला काही कळत नाही. सणाच्या दिवशी हृदय सुटी घेत नाही, एवढं कळतं."

त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. आत्याबाईंचे भाऊ, मूर्तिजापूरचे मामा, सकाळच्या गाडीनंच येऊन ओसरीवर बसलेले. अकरा वाजायला आले. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. देवीची वाटली, म्हातारीची वाटली. पण दारामागं सिंधू उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती.

मी मीठ पडायच्या आधीचं वरण काढलं, भात काढला, एक अळणी भाजी घेतली. पहिलं ताट महालक्ष्म्यांपुढं ठेवलं, पाणी फिरवलं. दुसरं माझ्यासाठी मांडलं, तिथंच, त्यांच्यासमोर.

"अवं, काय करून राहिली तू?" आत्याबाईंचा आवाज चढला.

"नैवेद्य दाखवला. देवीच्या पानात बी मीठ वाढत नाहीत, माह्या बी पानात नाही. आत्याबाई, महालक्ष्म्या माहेरी आल्या न? माहेरी आलेल्या लेकीले दिवे लागेपर्यंत उपाशी ठेवता काय तुमी?"

ओसरीवरून मामा गरजले, "हे काय सुरू हाये? सून जेवते अन् आमी मानसं बसून?"

तेवढ्यात विमल आली. सातवा महिना, पहाटेपासून पुरण वाटून पांढरी फटक पडलेली. कोणाकडे न बघता माझ्याशेजारी मांडी घालून बसली. हळूच म्हणाली, "मले बी वाढा. लय भूक लागली."

आत्याबाई हातात पळी घेऊन उभ्या. विमलकडे बघत राहिल्या, मग तिच्या पोटाकडे. मग वाकल्या आणि तिच्या पानात भात वाढला, त्यावर वरण, त्यावर तूप. "मले कोनी म्हनलं नाही, बाई, जेव म्हनून," एवढंच बोलल्या.

ओसरीवर मामा उठून उभे राहिलेले. तेव्हा सिंधूचे बाबा, ज्यांनी महिनोन् महिने तोंड उघडलं नव्हतं, ते म्हणाले, "मामा, बसा थोडं. आत पंगत बसली हाये."

वरणात मीठ नव्हतं, तरी माझा घास खारट झाला. रडत रडत जेवले मी. पोटभर जेवले.

शेवटचं

ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांना एवढंच सांगते. पथ्य कागदावर सोपं असतं, ताटात अवघड असतं. सांगणारं माणूस लांब असलं तरी चालेल, पण त्याला खरं लिहा, शेंदेलोणासकट लिहा. आणि ताटासाठी भांडायची लाज धरू नका. आपल्या जिवाचं भांडण आपणच भांडायचं असतं.

सण झाल्यावर मी बाईंना सगळं कळवलं, मामांच्या गरजण्यासकट. अरिष्ट काही आलं नाही हेही लिहिलं. त्यांचं उत्तर सुटी संपल्यानंतर आलं. पोस्टमननं दारात उभं राहून वाचलं. सूज नाही हे छान, वजन कळवा, संत्र्यांचा बहार येतोच आहे. आणि खाली एक ओळ होती: "सासूबाई किती वाजता जेवतात?"

पोस्टमन थांबला. समोरचा ओटा थांबला. आत्याबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. सूप त्यांनी खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मग उन्हाकडे पाहिलं. म्हणाल्या, "दोन पाट मांड. अन् लिही तिले, अकरा वाजता."

सिंधू शाळेत गेली होती, म्हणून ते कार्ड मीच लिहिलं.